बाईचं रक्त कुठं जात होतं

भाचीचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. काचपट्टीवर कुणाच्या तरी तापाचं रक्त होतं आणि टेबलावर मोबाइल थरथरत होता. वैशालीचं नाव दिसलं. बातमी काय असणार हे मला ठाऊक होतं. तरीही मी ती काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, हिवतापाचे जंतू नाहीत असं वहीत लिहिलं, हात धुतले आणि मग फोन घेतला. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी निघतो म्हणालो. माणूस कामाचा किती पक्का, असं बघणाऱ्याला वाटलं असतं... पण मी भीत होतो. तीन वर्षांपूर्वी इतकंच मन लावून जे पाहायला हवं होतं ते मी पाहिलं नव्हतं आणि ज्या माणसाजवळ ते कबूल करायचं राहिलं होतं तेच माणूस आता नव्हतं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, पार्वता. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, त्यात मानही आला आणि मायाही आली. सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला तिचं सासर. सगळा धानाचा मुलूख. भाताच्या रोपांना आम्ही पऱ्हा आणि लावणीला रोवणी म्हणतो, आणि आपली रोवणी बाईच्या टोळीनंच करावी असं आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या लोकांना वाटे. टोळीत बारा बायका. बाई सगळ्यांच्या आधी चिखलात उतरे आणि सगळ्यांच्या मागून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येई. एखादी नवी पोर हळूहळू हात चालवू लागली की बाई मान वर न करता म्हणे, "पऱ्हा लावून राह्यली माय, का देवाले फूल वाहून राह्यली?" बाकीच्या हसत आणि त्या पोरीचा हात आपोआप चालू लागे. मी शिकलो, एका लहानशा सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायला लागलो, याचं तिला भारी कौतुक. टोळीतल्या बायकांना ती "आमचा रक्तवाला" अशी माझी ओळख करून देई, आणि कुणाला ताप आला, चक्कर आली की माझ्याकडे पाठवून देई. त्या गावांत माझी जी काही पत होती ती तिच्यामुळे होती.

आमच्या घरात सिकल, म्हणजे सिकलसेल, होतं. इकडे हे फार समजावून सांगावं लागत नाही, रक्ताचा हा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला आणि कितीतरी घरांत त्याचं कार्ड कपाटात ठेवलेलं. आमचा मधला भाऊ नवव्या वर्षी त्यानंच गेला. बाई आणि मी दोघं नुसते वाहक, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. वाहक असल्यामुळे रक्त सहसा कमी होत नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं, हे मी शाळाशाळांतून फळ्यावर आकृत्या काढून सांगत हिंडलो आहे. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्या घरात कुणी थकलं की पहिला शब्द सिकल आणि शेवटचाही सिकल.

तीन वर्षांपूर्वीच्या रोवणीत बाई भर दुपारी चिखलातून निघून धुऱ्यावर जाऊन बसली. हे मला लीलानं सांगितलं. लीला म्हणजे टोळीतली बाईच्या खालोखालची, तिचा उजवा हातच. मी म्हणालो, वय झालं आता तुमच्या बाईचं. दोन आठवड्यांनी बाई स्वतःच एसटीनं प्रयोगशाळेत आली आणि बाकावर नंबर लावून बसली, कारण भावाकडे गेलं तरी नंबर मोडायचा नाही हा तिचा बाणा. मी रक्त काढलं. हिमोग्लोबिन सात आलं. मशीनच्या कागदावर आणखीही आकडे होते. पेशी लहान, पेशी फिकट. त्याचा साधा अर्थ असा की अंगातलं रक्त कुठून तरी थोडं थोडं गळतं आहे. तिच्या वयाच्या बाईची पाळी कधीच गेलेली असते. मग रक्त जात होतं कुठं?

हा प्रश्न मी रोज परक्या बायकांना विचारतो. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचातून जातं आहे का, हे पाहायची चाचणीही माझ्याच फडताळात होती. त्यासाठी एक डबी हातात द्यायची आणि उद्या सकाळची शी यात घेऊन या, असं सांगायचं, बस. पण थोरल्या बहिणीच्या हातात ती डबी कशी ठेवायची? पाळीचं भावानं बहिणीला कोणत्या तोंडानं विचारायचं? मला लाज वाटली. आज मागे वळून दुसरं मोठं कारण शोधायला जावं तर सापडत नाही, एवढंच होतं... लाज. डॉक्टरांनी घरात सिकल आहे का म्हणून विचारलं. मी सांगितलं, आहे, ही वाहक आहे. माझ्या शब्दावर त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. उठताना बाईनं विचारलं, "मंग सिकलच होय ना?" मी हो म्हणालो आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. दुखणं ओळखीचं निघालं की माणसाला हायसं वाटतं.

गोळ्यांनी रक्त जरा वाढलं, मग उतरलं, मी गोळ्या बदलल्या, पुन्हा वाढलं आणि पुन्हा उतरलं. पुढच्या वर्षी भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, बाजाराच्या दिवशी मला गाठून बाजूला घेऊन गेले. ते फार कमी बोलणारे. खाली बघत म्हणाले की तिचं शौच काळं होतं, तिनं सांगू नको म्हटलं पण सांगतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसलो आणि म्हणालो, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. ते खरंच आहे. आत झिरपलेलं रक्तही कधीकधी तसंच काळं दिसतं, हेही खरं आहे, पण ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्या वेळी ते माझ्याही मनात आलं नाही. पोटात उजवीकडे जड वाटतं असं ती एकदा बोलली होती. मी तिला ओव्याचं पाणी घ्यायला सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

गाठ सापडली ती दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंना. बाई त्या दिवशी मला कढीभात द्यायला आली होती. पायरीवर तिला धाप लागली, तेव्हा त्यांनी तिला आत नेऊन तपासणीच्या टेबलावर आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. दोन वर्षांत तिला आडवं करणारं ते पहिलं माणूस. बेंबीच्या उजव्या बाजूला, खाली, लिंबाएवढं टणक काहीतरी लागलं. त्यांनी माझाही हात धरून तिथं ठेवला. आजवर बाईचं रक्त मी किती वेळा पाहिलं होतं, पण तिच्या पोटाला हात लागला तो त्या दिवशी, आणि बाई संकोचानं भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढचं सगळं भराभर झालं. चंद्रपूरला स्कॅन, मग नागपूर. मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतात पोचलेला.

आता गुरुजींचं सांगायला हवं. बाईच्याच गावातले हे निवृत्त शिक्षक. त्यांनाही मोठ्या आतड्याचाच कर्करोग झाला होता आणि तोही यकृतात गेलेला होता. चार वर्षांपूर्वी त्यांना शौचात लालभडक रक्त दिसलं, ते घाबरून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले, ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि आज ते सायकलवर दूध आणायला जातात, पोरांच्या पाठ्यपुस्तकातल्या चुका काढतात. साहजिकच आमच्या सगळ्यांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून गुरुजीच होते. आजार तोच, टप्पा तोच, मग गुण का येणार नाही?

नागपूरच्या डॉक्टर तरुण होत्या. मी प्रयोगशाळेतला आहे म्हटल्यावर त्यांनी मला एकट्याला आत बसवलं. मी गुरुजींचं उदाहरण दिलं. त्यांनी विचारलं, त्यांची गाठ कुठल्या बाजूला होती? मी म्हणालो, डाव्या. तेव्हा त्यांनी एका कागदाच्या पाठीवर मोठं आतडं काढून दाखवलं. पोटात उजवीकडे खाली सुरू होतं, वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडे खाली उतरतं. नळी एकच, पण दोन बाजूंची घडण मुळापासून वेगळी. डावीकडे नळी अरुंद आणि आतला मळ घट्ट, त्यामुळे गाठ आली की अडतं, रक्त डोळ्यांना दिसतं, माणूस धावत येतो. उजवीकडे जागा ऐसपैस आणि मळ पातळ. तिथली गाठ कितीतरी दिवस काहीच त्रास देत नाही, आतल्या आत रक्त गळत राहतं आणि माणूस नुसता थकत जातो. "बऱ्याचदा नुसतं हिमोग्लोबिन कमी होतं, तेवढीच खूण असते," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला समजलं नाही, म्हणून त्या पुढे अधिक सोपं करून सांगू लागल्या. आजार पसरलेला असला तरी डाव्या बाजूचे रुग्ण साधारणपणे जास्त दिवस काढतात, उजव्या बाजूचा आजार जास्त हट्टी असतो. गुरुजींना ज्या औषधानं गुण आला ते उजव्या बाजूच्या गाठीला तसं लागू पडत नाही. आपण औषधं देऊ, काही महिने चांगले मिळतील, पण गुरुजींशी तुलना करू नका. आणि पेशंटला खरं सांगायला मी तयार आहे, असंही त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मीच सांगतो.

बाहेर बाई बाकावर पाय वर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईला रोवणीच्या गमती सांगत होती. मला पाहून थांबली. "गुरुजीवानीच होय ना माह्यं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अगदी तसंच, बाई." ती माझ्याकडे बघून चप्पल शोधू लागली.

तिला धीर यावा म्हणून खोटं बोललो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं आहे. खरं सांगितलं असतं तर उजवी बाजू म्हणजे काय हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना, बाई, याची एकच खूण होती आणि ती माझ्या टेबलावर दोन वर्षं पडून होती, हेही आलं असतं. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात अडतो... बाई जगली असती तर माझी चूक चूक राहिली नसती. ती बरी व्हावी यात तिच्याइतकीच माझी सुटका होती. म्हणून मी तिच्या औषधोपचाराच्या असा मागे लागलो की बघणाऱ्यांनी भाऊ असावा तर असा म्हटलं. मी ते ऐकून घेतलं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.

दर दोन-तीन आठवड्यांनी नागपूर. सलाइनमधून औषध, मग चार-पाच दिवस उलट्या, तोंडात फोड, बोटांना मुंग्या. सहा महिने बरे गेले हे खरं, ती चुलीपुढे बसू लागली, दोन किलो वजन वाढलं. मग गाठ पुन्हा वाढू लागली आणि दुसरं औषध सुरू झालं. तेवढ्यात आषाढ आला. यंदाची रोवणी सुरू होणार होती. बाईला चिखलात उतरणं शक्य नव्हतं, तिची तशी मागणीही नव्हती. ती म्हणाली, "मले नुसती धुऱ्यावर बसू दे. पोरी रोवतीन, मी पाहीन. ह्या खेपी नागपूर नको." औषधाची तारीख आणि रोवणी एकाच आठवड्यात येत होती, आणि औषध घेतल्यावर पुढचे आठ-दहा दिवस अंथरूण ठरलेलं. वैशाली म्हणाली, राहू दे ना मामा, एक वेळ. मी चिडलो. गुरुजींनी असं मध्येच सोडलं असतं तर आज ते दिसले असते का, असं मी सगळ्यांसमोर बोललो. बाई उठली. पिशवीत लुगडं घातलं, डबा घेतला. "चाल बापा," म्हणाली. एसटी निघाली तेव्हा डाव्या हाताच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, तिची टोळी उतरली होती. ती खिडकीशी बसली होती. गाव मागे पडेपर्यंत ती तिकडेच पाहत होती आणि मी मांडीवरची फाइल चाळत होतो.

त्या खेपेच्या औषधाचा काही उपयोग झाला नाही. पोळा झाला तोवर डॉक्टरांनीच आता थांबू या म्हणून सांगितलं. नवरात्रानंतर मी तिला शेवटचं भेटलो. खाट पडवीत आणून टाकली होती, अंगणात कोंबड्या, समोर धान पोटरीतून बाहेर आलेलं. मी नेहमीसारखं नाडी बघ, डोळ्याची खालची पापणी ओढून बघ, असं करत होतो. तिनं माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "तुह्यं रक्त कोन तपासते गा?" मी म्हणालो, कुणीच नाही. ती म्हणाली, "तपासून घेत जा." मला वाटलं, आता सांगावं. ओठावर आलं होतं. तेवढ्यात वैशाली चहा घेऊन आली आणि मी कप हातात घेतला. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा तो फोन आला.

तेरवीला गुरुजी आले होते. जेवणं झाल्यावर ते मला म्हणाले, तुमची बहीण मोठी धीराची. मी म्हणालो, हो, तुमच्याकडे पाहून तिला धीर होता. गुरुजी जरा गोंधळले. मग त्यांनी सांगितलं की रोवणीच्या आधी ती त्यांच्या घरी गेली होती, आणि तुमची गाठ कुठं होती ते हात लावून दाखवा, म्हणाली होती. त्यांनी पोटावर डावीकडे हात ठेवला. तिनं स्वतःच्या पोटावर उजवीकडे ठेवला. दोन्हींत फरक असतो का, तिनं विचारलं. गुरुजींना खोटं बोलता येत नाही, चाळीस वर्षं शिकवण्यात गेली. त्यांनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, उजवीकडची गाठ बरेच दिवस नुसतं रक्त कमी करत राहते, हेही. रोवणीच्या आधी... म्हणजे ती पिशवीत लुगडं घालत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी गुरुजींचं नाव घेऊन ओरडत होतो, तेव्हाही. तरीही ती चाल बापा म्हणाली होती. का, ते गुरुजींना माहीत नव्हतं आणि मला विचारायला कुणी उरलं नव्हतं. मी तेरवीच्या मांडवातून निघालो तो धुऱ्यावर जाऊन बसलो, अंधार पडायच्या आत कुणीतरी बोलवायला आलं.

यानंतर पंधरा दिवस मी कामावर गेलो नाही. गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात, कापण्या-बांधण्या आटोपल्यावर, एका सकाळी प्रयोगशाळेच्या बाकावर लीला बसलेली दिसली. तिच्या मागे ओळीनं टोळीतल्या सगळ्या. बाई सोडून अकरा. मी विचारलं, सगळ्यांना एकदम काय झालं? लीला म्हणाली, काही नाही, रक्त तपासायचं आहे, बाईनं जायच्या आधी शब्द घेतला होता. मी सुई हातात घेतली आणि मला पुढे जाता येईना. सुई ठेवली. अकरा बायकांसमोर मी सांगितलं की बाईचं रक्त कमी होतं, का कमी होतं ते मी पाहिलं नाही, सिकल म्हणून मोकळा झालो, आणि पुढे तिच्याशी खोटंही बोललो. तुम्ही दुसरीकडे तपासून घ्या, मी चिठ्ठी देतो.

"आमाले मायीत आहे," लीला म्हणाली. "बाईनं सांगतलं. नागपूरले काऊन जाऊन राह्यली म्हनून मी भांडली तिच्यासंग. तर म्हणे, नाई गेली तं भावाच्या जीवाले लागन, तो जन्मभर तेच घोकत बसन. अन् आमाले म्हणे, तुमी त्याच्याकडंच जा. तो एकदा चुकला आहे, आता विचारल्याबिगर नाई सोडनार."

असं म्हणून तिनं बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. मी फडताळ उघडून अकरा डब्या काढल्या आणि मांडल्या. मग लीलाला विचारलं, पाळी येते का, शेवटची कधी आली होती, शौच काळं होतं का, पोटात कुठं जड वाटतं का. ती लाजली, पदर तोंडाशी नेला, पण तिनं सगळं सांगितलं. तिच्यानंतर दुसरीला विचारलं. दुपार होईपर्यंत मी अकराही जणींना विचारलं.